सिप्लाचं ३५० डॉलरचं औषध: धर्म की धंदा?

गिरगावकर

सोसायटीच्या ग्रुपवर सध्या एक ढकलपत्र फिरतंय. गांधीजींनी सांगितलं म्हणून सिप्ला निघाली, सिप्लाने आफ्रिकेत एड्सची औषधं फुकट वाटली आणि आपल्याला मेल्यांना त्याची कदर नाही, असा एकूण सूर. खाली तिरंगा आणि जोडलेले हात.

मला सिप्लाबद्दल आदर आहे, पण ढकलपत्रांचा राग त्याहून जास्त आहे. म्हणून जरा वाचलं. ख्वाजा अब्दुल हमीद मूळचे अलीगढचे, बर्लिनला रसायनशास्त्रात डॉक्टरेट केलेले. १९३५ साली त्यांनी मुंबईत ही औषधांची कंपनी काढली. गांधीजी कारखाना बघायला आले ते ४ जुलै १९३९ ला, म्हणजे कंपनी निघून चार वर्षं झाल्यावर. आणि २००१ साली एड्सचं जे औषध गाजलं ते फुकट दिलेलं नव्हतं, विकलेलं होतं. माणशी वर्षाला ३५० डॉलर.

माझं म्हणणं असं की हा चोख धंदा होता आणि चोख धंद्यात कमीपणा काहीच नाही. मग दानशूरपणाचा हार कशाला? की मीच कोत्या मनाने बघतोय? फार्मावाले, डॉक्टर, पेशंट, सगळ्यांनी लिहा.

तिरकस

जोडलेले हात म्हणजे नमस्कार नव्हे हो काका, 'दहा जणांना ढकला नाहीतर बघा' असतं ते. चिवडा घेऊन बसलोय, चालू द्या.

पातळगंगा

बल्क ड्रगमध्ये, म्हणजे औषधाचा मूळ रेणू बनवण्याच्या धंद्यात, हयात गेली (सिप्लात नव्हे, दुसरीकडे), म्हणून लिहितो.

३५० चा आकडा सुटा बघून काही कळत नाही. त्या वेळी अमेरिका-युरोपात तीन औषधांच्या एकत्र उपचाराला माणशी वर्षाला १० ते १५ हजार डॉलर पडत होते. फेब्रुवारी २००१ मध्ये युसुफ हमीद (ख्वाजांचे चिरंजीव) यांनी 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या मदतसंस्थेला ३५० चा भाव दिला, सरकारांना ६०० चा. दिवसाला एक डॉलर! जगभर मथळे झाले. लोकांना वाटलं हा माणूस घरदार विकून वाटतोय.

तसं काही नव्हतं. रेणू बनवायला काय खर्च येतो आणि डबीवर काय किंमत छापतात, यातली दरी आमच्या धंद्यात ट्रेनी पोरालाही पहिल्या सहा महिन्यांत कळते. बोलायचं नसतं, एवढंच. एखाद्या स्टेपचं यील्ड (हाती येणारा माल) वाढलं, टोल्युईनसारखं सॉल्व्हंट डिस्टिल करून पुढच्या बॅचला परत वापरता आलं, रिअ‍ॅक्टर दोन बॅचच्या मध्ये रिकामा पडून राहायचा थांबला, की किलोमागचा भाव भराभर उतरतो. त्यासाठी प्लांटमध्ये भांडणं होतात. मागणी वाढली की कच्चा मालही स्वस्त मिळतो. पुढे हेटेरो, ऑरोबिंदो, रॅनबॅक्सी, मॅट्रिक्स सगळेच उतरले आणि २००३ च्या क्लिंटन फाउंडेशनच्या करारात भाव १४० डॉलरच्या आसपास आला. पदरमोड करून द्यायची वस्तू असती तर एवढ्या कंपन्यांनी उड्या घेतल्या असत्या का?

हमीदांनी केलं काय, तर धंद्यातली आतली गोष्ट चव्हाट्यावर आणली. याला दान म्हणा नाहीतर आणखी काही, पण धाडस नक्की होतं.

कलम_३ड

पातळगंगा काकांना अनुमोदन, पण त्याआधीची पायरी राहिली. प्लांटमध्ये कितीही हुशार माणसं असती तरी कायद्याने हात बांधलेले असते तर काय उपयोग?

इंग्रजांच्या वेळचा पेटंट कायदा औषधाच्या रेणूलाच पेटंट द्यायचा. न्यायमूर्ती अय्यंगार समितीचा अहवाल आला १९५९ मध्ये, त्यातून १९७० चा कायदा झाला आणि १९७२ पासून तो लागू झाला. त्यात औषधाच्या बाबतीत पेटंट फक्त बनवण्याच्या पद्धतीवर मिळे. तेही अर्ज केल्यापासून ७ किंवा मंजुरीपासून ५ वर्षं, जे आधी संपेल ते. म्हणजे दुसऱ्या वाटेने तोच रेणू बनवला तर कोणाच्या बापाचं काही चालत नाही. युसुफ हमीद आणि इतर देशी औषधवाले या कायद्यासाठी दिल्लीला खेटे घालत होते. त्यात सिप्लाचं स्वतःचंही अडलेलं होतं. प्रोप्रॅनोलॉल हे हृदयविकाराचं औषध ब्रिटनच्या आयसीआय कंपनीचं आणि सिप्लाला ते इथे बनवायचं होतं.

आता गंमत बघा. २००१ मध्ये सिप्लाने 'ट्रायोम्यून' काढली. स्टॅव्हुडिन, लॅमिव्हुडिन, नेव्हिरापिन एकाच गोळीत, सकाळी एक संध्याकाळी एक. ही गोळी अमेरिकेत कोणी का काढली नाही? कारण ती तीन औषधं तीन वेगळ्या कंपन्यांच्या ताब्यात होती. प्रत्येकाने आपापली डबी विकायची. एकत्र गोळी बनवायला मोकळा होता तो इथला माणूस, कारण इथे रेणूवर कोणाची मालकी नव्हती.

मुळशीची_मैना

हे फार छान समजावलंत. म्हणजे मूठभर गोळ्यांऐवजी दोनच गोळ्या, हा शोध विज्ञानापेक्षा कायद्याच्या फटीतून आला?

कलम_३ड

@मैना, फट नाही म्हणणार. संसदेने उघड्या डोळ्यांनी ठेवलेलं दार होतं ते. १ जानेवारी २००५ पासून बऱ्यापैकी लावून घेतलं. त्यानंतर रेणूवर पेटंट मिळू लागलं. माझ्या आयडीतलं कलम, जुन्याच रेणूत किरकोळ बदल करून नवं पेटंट घेऊ न देणारं, म्हणजे दाराची राहिलेली कडी.

कंपालाकर

नेहमी वाचनमात्र असतो, आज राहवलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी युगांडात, कंपालाला, एका बांधकाम कंपनीचे हिशेब बघायचो. तेव्हा आमच्या पगारपत्रकातली नावं दर महिन्याला बदलायची. आधी माणूस बारीक व्हायचा, मग खोकला, मग सुट्टीचा अर्ज, मग भाऊ उरलेला पगार न्यायला यायचा. ऑफिसात दफनाच्या खर्चासाठी एक वेगळं खातंच उघडलेलं होतं, लेजरमध्ये त्याचं पान सगळ्यात भरलेलं. मुलागो हॉस्पिटलकडे जाताना रस्त्याच्या कडेला सुतार शवपेट्या करून ओळीने मांडून ठेवत. लहान मापाच्या पुढे, मोठ्या मागे.

औषध जगात आहे हे सगळ्यांना माहीत होतं. आमचा एक फोरमन, तीस-बत्तिशीचा, मला विचारायचा की इंडियात स्वस्त मिळतं का. मिळतं हे मला माहीत नव्हतं. २००० च्या अखेरीस तिथल्या जॉइंट क्लिनिकल रिसर्च सेंटरच्या डॉ. पीटर मुग्येन्यी यांनी पेटंटच्या धमक्यांना न जुमानता सिप्लाची औषधं मागवली. पुढे भाव पडत गेले आणि पगारपत्रकातली नावं टिकायला लागली. फोरमन मात्र तोवर थांबला नाही.

गिरगावकर, तुमचा प्रश्न चुकीचा नाही. फक्त तिथे उभं राहून तो सुचत नाही.

तिरकस

चिवडा बाजूला ठेवला.

गिरगावकर

कंपालाकर, प्रतिसाद वाचून थोडा वेळ काही लिहिलं नाही. पण त्यातूनच दुसरा प्रश्न येतो आणि तो विचारलाच पाहिजे. आफ्रिकेचं ठीक, आपल्या पेशंटांचं काय? सिप्लाचं मुख्य ऑफिस तेव्हा बेलासिस रोडला. तिथून कामाठीपुरा हाकेच्या अंतरावर, जे.जे. हॉस्पिटल पायी जाण्याइतकं. नव्वदच्या दशकात तिथे काय चाललं होतं हे मुंबईकरांना सांगायला नको.

पातळगंगा

याचं उत्तर कंपनीपेक्षा सरकारकडे जास्त आहे. झिडोव्हुडिन, म्हणजे एझेडटी, हे एड्सवरचं पहिलं औषध. १९६४ मध्ये अमेरिकेत कॅन्सरसाठी बनवलं, चाललं नाही, फळीवर पडून होतं. १९८७ मध्ये एड्ससाठी आलं ते वर्षाला ८-१० हजार डॉलर भावाने. इकडे हैदराबादच्या आयआयसीटी या सरकारी रसायन प्रयोगशाळेत डॉ. ए. व्ही. रामाराव यांच्या चमूने ते बनवायची आपली पद्धत बसवली आणि सिप्लाने नव्वदच्या सुरुवातीला बाजारात आणलं. दिवसाला दोन डॉलरच्या आत. तरी इथे घेणारा नव्हता. पेशंटला परवडेना आणि सरकार म्हणे आमचा भर प्रतिबंधावर. माल पडून राहिला.

सरकारी दवाखान्यातून मोफत औषधं सुरू झाली १ एप्रिल २००४ ला. पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता आणि जे.जे. पहिल्या केंद्रांत. म्हणजे औषध गावात बनत होतं, पेशंट गावात होता आणि मध्ये दहा-बारा वर्षं गेली.

डॉ_दमेकरी

एड्सवरच सगळे अडकलात. या कंपनीचं आपल्या घराघरात शिरलेलं काम म्हणजे पंप. सत्तरच्या दशकात सिप्लाने भारतात दम्याचे एरोसॉल इनहेलर बनवायला घेतले. त्याआधी रात्री-अपरात्री दमा उसळला की अ‍ॅड्रेनलिनचं नाहीतर अमिनोफायलिनचं इंजेक्शन, आणि एरवी गोळ्या. साल्ब्युटामॉलच्या गोळीत २ किंवा ४ मिलिग्रॅम औषध असतं, पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे वीसपट-चाळीसपट कमी आणि तेही थेट जिथे हवं तिथे. गोळीने हात थरथरतात, छाती धडधडते, ते पंपाने पुष्कळ कमी होतं.

तरी आज पन्नास वर्षं होत आली आणि माझ्या ओपीडीत रोज एक तरी आजी म्हणते, 'डॉक्टर, पंप नको, एकदा लागला की सुटत नाही.' मुलीच्या लग्नाआधी पंप बंद करून द्या म्हणणारे आईवडीलही येतात. सिप्लाने नंतर पारदर्शक रोटाहेलर काढला, त्याचं मला विशेष कौतुक. कॅप्सूल आत टाकायची, फिरवायची, ओढायची. पावडर गेली की राहिली हे पेशंटला डोळ्यांनी दिसतं. माझ्यासमोर ओढून दाखवा म्हटलं की निम्मे लोक ओढायच्या ऐवजी फुंकतात. अपारदर्शक असता तर कळलंही नसतं.

तिरकस

फुंकणं परवडलं डॉक्टर. आमचे एक काका दरवर्षी मृग लागला की हैदराबादला जिवंत मासा गिळायला जायचे. दमा तसाच राहिला, मासा गेला.

दोन_पिशव्या

माझी मुलगी थॅलेसेमिया मेजर. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं (म्हणून हा आयडी). रक्ताबरोबर लोह शरीरात साचतं आणि ते काढलं नाही तर हृदय निकामी होतं. पूर्वी त्यावर एकच उपाय होता. पोटाच्या कातडीखाली सुई टोचायची, तिला बॅटरीवरचा छोटा पंप जोडायचा आणि आठ ते दहा तास, आठवड्यातल्या पाच-सहा रात्री, औषध आत सोडत राहायचं. मुलगी कुशीवर वळली की नळी दुमडायची आणि पंप वाजायचा. औषध आणि पंप, दोन्ही महाग. कितीतरी घरांत ते परवडायचंच नाही.

सिप्लाने १९९४-९५ च्या सुमारास डेफेरिप्रोन, 'केल्फर' नावाने, कॅप्सूलमध्ये आणलं. लोह काढायचं तोंडाने घ्यायचं जगातलं पहिलं औषध आणि ते आधी भारतात आलं. युरोपात मान्यता १९९९ ला, अमेरिकेत २०११ ला. त्याचे धोके आहेत. पांढऱ्या पेशी एकदम घसरू शकतात, त्यामुळे रक्ताची तपासणी सतत करावी लागते, सांधे दुखतात. परदेशात त्यावर मोठा वाद झाला. पण ज्या घरात पंप येऊच शकत नव्हता त्या घराला हा वाद कसा दिसत असेल? विकतच घेतलं आम्ही, कोणी दान दिलं नाही. मुलगी आता कॉलेजात आहे.

रानवाट

कुंडीतली सदाफुली आठवली का कोणाला? तिच्या पानांतून व्हिंक्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन मिळतात. लहान मुलांच्या ल्युकेमियात व्हिंक्रिस्टिन अजूनही लागतंच. टनभर वाळकी पानं उकळा तेव्हा हाती येणार ते मोजके ग्रॅम. सिप्लाने ही दोन्ही औषधं १९८४ च्या सुमारास पुण्याच्या एनसीएल या सरकारी प्रयोगशाळेबरोबर विकसित केली. वर ज्या रामारावांचं नाव आलं ते तेव्हा एनसीएलमध्येच होते.

म्हणून कंपनीचं कौतुक करताना सरकारी प्रयोगशाळांचा वाटा विसरू नका. एझेडटी हैदराबाद, व्हिंक्रिस्टिन पुणे. पगार जनतेच्या पैशातून.

परळकर

सरकारी प्रयोगशाळेचा विषय निघालाच आहे तर हाफकिन कसं विसरता? १८९६ ला मुंबईत प्लेग आला तेव्हा वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. भायखळा-परळ हा पट्टाच औषधांचा. आणि आज त्याच हाफकिनची अवस्था

संपादक

हाफकिनसाठी वेगळा धागा काढा, परळकर. चांगला होईल. इथे सिप्ला.

हिशेबनीस

इतकी आरती चाललीय तर थोडा कापूर मीही लावतो.

एक, राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने जादा दर लावल्याबद्दल सिप्लाकडे केलेल्या मागण्यांची रक्कम हजार कोटींच्या वर जाते. कंपनीने त्या कोर्टात आव्हानित केल्या, प्रकरणं सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. यादीत साल्ब्युटामॉलही आहे, डॉक्टरांच्या पंपातलंच. दोन, २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सिप्लाची दोन एड्सची औषधं मान्य यादीतून काढली होती, कारण बाहेरच्या लॅबकडून करून घेतलेल्या चाचण्यांची कागदपत्रं नीट नव्हती. नंतर परत घेतली, पण झालं ते झालं. तीन, ट्रायोम्यूनमधल्या स्टॅव्हुडिनने पाय बधिर होणं, गालांची चरबी झडणं असे परिणाम झाले आणि २००९ मध्ये संघटनेनेच ते टप्प्याटप्प्याने बंद करा म्हणून सांगितलं. चार, फेब्रुवारी २०२० मध्ये गोव्याच्या कारखान्याला अमेरिकन एफडीएचं वॉर्निंग लेटर. पाच, कंपालाकरांच्या गावात लुझिराला २००७ मध्ये उघडलेला तो कारखाना, त्यातला आपला हिस्सा सिप्लाने २०२३ मध्ये विकला.

कंपनी आहे हो. भागधारकांना उत्तर द्यावं लागतं.

पातळगंगा

यातलं काही नाकारत नाही. स्टॅव्हुडिनबद्दल मात्र एवढंच सांगेन की २००१ साली ज्याच्यासमोर ती गोळी होती त्याच्यासमोर दुसरी गोळी नव्हती. पाय बधिर झाल्याची तक्रार करायला माणूस आधी जगावा लागतो. वॉर्निंग लेटरचं म्हणाल तर त्या तपासण्यांत मी स्वतः बसलेलो आहे. काही शेरे खरेखुरे असतात, आणि काही वेळा अख्खा दिवस खाडाखोड केलेल्या एका रजिस्टरवर जातो. ते कुठल्या जातीचं होतं हे पत्र वाचूनच ठरवावं.

नागपुरी_संत्रं

दानाचंच मोजमाप करायचं तं अमेरिकेतल्या मर्क कंपनीकडं पाहा ना बाप्पा. त्यायचं औषध आयव्हरमेक्टिन. जपानातल्या मातीतल्या जंतूपासून निघालं, आधी गुराढोरांच्या किड्यांसाठी विकलं, बक्कळ पैसा कमावला. मंग कळलं का आफ्रिकेतल्या नदीकाठच्या अंधत्वावरबी चालते. घेणारा कोणी नोता, पेशंटजवळ पैसा नोता. १९८७ मध्ये मर्कचे मुख्य रॉय व्हॅजलोस यायनं जाहीर केलं, लागन तेवढं आन् लागन तितके वर्ष फुकट देऊ. आजबी चालू हाय. याले म्हंते दान. सिप्लानं विकलं, मर्कनं देल्लं.

आमच्या नागपूर जिल्ह्यात २०१९ पासून हत्तीरोगासाठी तीन औषधं एकाच वेळी देऊन राहिले, त्यात हे आयव्हरमेक्टिन हाय. आशाताई दारात उंची मोजाची काठी घेऊन उभी. उंचीवर याच्या गोळ्या ठरते, वजनावर नाही. 'मंग खातो' म्हटलं तं ऐकत नाही, समोरच गिळाले लावते.

कलम_३ड

मर्कचं ते काम मोठंच आहे, त्यात वाद नाही. पण दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने १९९७ मध्ये स्वस्त औषधं आणता यावीत असा कायदा केला तेव्हा त्याविरुद्ध कोर्टात गेलेल्या ३९ कंपन्यांत मर्कही होती. हमीदांचा ३५० चा भाव जाहीर झाला आणि दोन-अडीच महिन्यांत, एप्रिल २००१ मध्ये, त्या सगळ्यांनी खटला मागे घेतला. एका हाताने फुकट गोळी, दुसऱ्या हाताने वकीलपत्र. मला यात ढोंग दिसत नाही. जे विकलं जाणार नव्हतं ते दिलं, जे विकलं जाणार होतं ते राखलं. सिप्लाचं उलट होतं. त्यांनी विकलं जाणाऱ्या मालाचा भाव पाडला, स्वतःचाही आणि दुसऱ्यांचाही.

आणि सिप्लाने विकलंच फक्त, असंही नाही. २८ सप्टेंबर २००० ला ब्रुसेल्समध्ये युरोपियन कमिशनच्या बैठकीत युसुफ हमीदांना बोलायला मोजून तीन मिनिटं मिळाली होती. त्यांनी तीन गोष्टी मांडल्या. स्वस्त भावात तिन्ही औषधं. ज्या देशाला स्वतः बनवायची असतील त्याला तंत्रज्ञान फुकट. आणि आईकडून बाळाला होणारी लागण थांबवणारं नेव्हिरापिन फुकट. समोर मंत्री, अधिकारी, बड्या कंपन्यांचे लोक. कोणी पुढे आलं नाही.

नागपुरी_संत्रं

ते वकीलपत्राचं मालूम नोतं. तरीबी मर्कचं दान मोठंच म्हणन मी. पस्तीसच्या वर वर्ष कोणी फुकट देत नाही.

वारजेकर

सिप्लाने खरोखर फुकट केलेलं काम माझ्या घराजवळ आहे आणि त्याचा इथे अजून कोणी उल्लेख केला नाही याचं नवल वाटलं.

पुण्यात, वारज्याला, १९९७ पासून सिप्ला फाउंडेशनचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी दुखणं हलकं करणारं. कॅन्सरच्या पेशंटसाठी, पन्नासेक खाटांचं, पैसे घेत नाहीत. माझ्या सासूबाईंना तोंडाचा कॅन्सर होता. आधीच्या हॉस्पिटलने (नाव घेत नाही) 'आता घरी न्या' एवढं सांगून फाइल हातात दिली. घरी नेऊन करायचं काय हे कोणी सांगितलं नाही. दुखायला लागलं की त्या उशीचा कोपरा दातात धरायच्या.

इथे पेशंटबरोबर घरचं एक माणूस राहतं. पहिले दोन दिवस मला वाटलं आपल्याकडून काम करून घेतायत. मग कळलं की शिकवतायत. जखमेतला वास कसा कमी करायचा, कूस किती वेळाने बदलायची, तोंड कापसाने कसं पुसायचं, मॉर्फिन ठरलेल्या वेळेला द्यायचं, दुखायची वाट बघायची नाही. माझ्या नवऱ्याला 'सवय लागेल' म्हणून मॉर्फिन नको होतं. तिथल्या सिस्टरने त्याला शांतपणे विचारलं, 'दादा, सवय लागायला किती वेळ आहे त्यांच्याकडे?' तो गप्प झाला. दुखणं आटोक्यात आल्यावर सासूबाईंनी काय मागितलं असेल? पिठलं. पातळ, मिरची न घातलेलं. चमच्याने खाल्लं आणि मीठ कमी आहे म्हणाल्या. नंतर आम्ही त्यांना घरी आणलं.

१९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानंतर मॉर्फिन ठेवणं इतकं किचकट झालं की कितीतरी हॉस्पिटलांनी त्याचा नादच सोडला. कायदा थोडा सैल झाला २०१४ मध्ये. या सेंटरने मधली सगळी वर्षं काम चालू ठेवलं.

मुळशीची_मैना

वारजेकर ताई, घट्ट मिठी. आमच्याही एका नातेवाइकांना तिथे नेलं होतं, अनुभव असाच.

गिरगावकर

मी धागा काढला तेव्हा 'धंदा' यावर ठाम होतो. ३५० डॉलरबद्दल अजूनही आहे. तो भाव टिकला कारण त्यात कोणाच्या मर्जीचा प्रश्न नव्हता. उद्या हमीदांचं मन फिरलं असतं तरी दुसऱ्या चार कंपन्या तेवढ्यातच देत होत्या. वारज्याचं मात्र तसं नाही. तिथे कोणीतरी दर वर्षी पैसे घालायचे ठरवतं म्हणून खाटा चालू राहतात. ते दान. फक्त ब्रुसेल्सला तंत्रज्ञान फुकट देऊ केलं ते कुठल्या खात्यात टाकायचं ते कळेना. कुठला धंदेवाईक माणूस स्वतःची कृती वाटायला निघतो?

हिशेबनीस

ज्याला खात्री असते की घेणारे कच्चा माल आपल्याकडूनच घेतील, तो. 😀

पातळगंगा

हिशेबनीस, तुम्ही कधीतरी परचेसमध्ये काम केलेलं दिसतंय. शक्यता नाकारत नाही. पण रेसिपीचा कागद दिला म्हणून कोणाला रिअ‍ॅक्टर चालवता येत नाही, माणसं पाठवून शिकवावं लागतं आणि त्यात वर्षं जातात. एवढं डोकेदुखीचं काम कच्च्या मालाच्या ऑर्डरसाठी कोणी ओढवून घेत नाही. माझं मत 'तत्त्व' या बाजूला. बापाकडून आलेलं असावं. ख्वाजा हमीद गांधीजींच्या असहकारात कॉलेज सोडून निघालेले, जामियात शिकवलेले. बायको लिथुआनियाची ज्यू, बर्लिनमध्ये जमलेलं. युसुफ जन्मले व्हिल्नियसला, वाढले मुंबईत, डॉक्टरेट केंब्रिजला नोबेलविजेते अलेक्झांडर टॉड यांच्या हाताखाली. असा माणूस नुसत्या हिशेबाने चालत नसावा.

एक ताजं उदाहरण देतो, म्हणजे रसायनवाल्यांना कशात आनंद होतो ते कळेल. एचआयव्ही असलेल्या तान्ह्या मुलांसाठी जे सिरप होतं ते विलक्षण कडू, त्यात चाळीस टक्क्यांच्या वर अल्कोहोल आणि फ्रिजमध्ये ठेवायला हवं. आफ्रिकेच्या खेड्यात फ्रिज कुठला? सिप्लाने डीएनडीआय या ना-नफा संस्थेबरोबर चार औषधं एकत्र असलेले दाणे बनवले, २०१९ मध्ये जाहीर झालं. कॅप्सूल उघडायची, दाणे खिमटीवर किंवा दुधात टाकायचे. फ्रिज नको. चव स्ट्रॉबेरीची. कडू रेणूवर असं कवच चढवायचं की जिभेवर विरघळू नये आणि पोटात मात्र विरघळावं, हे सांगायला दोन ओळी आणि करायला कित्येक वर्षं. असल्या औषधात पैसा नाही. श्रीमंत देशांत अशी बाळं आता जवळजवळ जन्मतच नाहीत.

तिरकस

स्ट्रॉबेरीच का पण? टीममध्ये महाबळेश्वरचं कोणी होतं वाटतं. कोकणातला असता तर फणस लागला असता आणि पोरांनी सिरपच बरं म्हटलं असतं.

परळकर

@संपादक, हाफकिनचा धागा काढलाय. इथले सगळे या.

सातारी_पेढा

वारजेकर ताई, मेव्हण्यांना जिभेचा कॅन्सर आहे, सध्या साताऱ्यात आहेत. बाहेरगावचे पेशंट घेतात का? आधी नंबर लावावा लागतो का?

वारजेकर

@सातारी_पेढा, आमच्या शेजारच्या खाटेवर बाहेरगावच्याच आजी होत्या. आधी फोन करून खाट आहे का विचारा. बायोप्सीचा रिपोर्ट, स्कॅन आणि शेवटचं डिस्चार्ज कार्ड बरोबर ठेवा. आणि सोबत कोण राहणार ते घरी आधीच ठरवून जा, तिथे दारात उभं राहून भाऊ-भावजयांची चर्चा नको. व्यनि (खाजगी निरोप) करते, बाकीचं त्यात सांगते.